गोष्टीतली वाळीत टाकलेली जादूवाली पोरं म्हणजे आपणच का? (अन् खेड्यात राहून असं म्हणावं का?)

पऱ्हाटी_२००१

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून इथं नुसती वाचून राहिली मी, आज पहिल्यांदा लिहून राहिली तं जरा लांबण लागंल, सांभाळून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, वय २४, घरी पऱ्हाटी अन् तूर, मी तालुक्याले एका सेतू केंद्रात टायपिंग करते. दीड वर्षाआधी नागपूरले दाखवलं तेव्हा समजलं की मले ऑटिझम (स्वमग्नता) आहे, सोबत एडीएचडी (लक्ष टिकत नाही, जीव चळवळा राहते ते) बी. त्याच्या आधी गावानं माझं निदान करून टाकलंच होतं म्हणा, ते पुढं सांगते.

मले लहानपणापासून त्याच गोष्टी आवडतात ज्याच्यात एखाद्या पोरीजवळ काहीतरी शक्ती असते अन् तिच्या घरचेच तिले लपवून ठेवतात. फ्रोझन आला २०१३ ले, मी पाहिला त्याच्या बऱ्याच वर्षांनी, मावसभावाच्या मोबाईलवर, हिंदीत. त्यातल्या एल्साचे मायबाप तिले हातमोजे घालून देतात, राजवाड्याची दारं लावून घेतात, का तं तिच्या हातातून बर्फ निघते ते कोणाले दिसू नये. सगळ्याइले त्याचं गाणं आठवते, मले हातमोजे आठवतात. मी खुश झाली की बोटं झटकते, पाणी झटकल्यावानी. शाळेत पोट्टे नकला करत. तं आई म्हणे हात खिशात घालून ठेव. फ्रॉकले खिसे नव्हते, तं आईनं जुन्या पोलक्याचा तुकडा घेऊन दोन्हीकडून खिसे शिवून देल्ले. एक हिरवा अन् एक तपकिरी, कारण तेवढंच कापड होतं. ते माझे हातमोजे. नेटवर वाचलं की याले मास्किंग म्हणतात अन् बाहेरदेशचे कितीतरी ऑटिस्टिक लोक एल्साले पाहून हेच म्हणतात, तं मी सेतू केंद्रात बसल्या बसल्या रडली, समोर एक काका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभे.

आता अडचण. मी नऊ वर्षांची असताना वावरात तुरीले थ्रेशर लागलं. तो आवाज मले कानात नाही, दातात लागते, कसं सांगू. मी कुटाराच्या ढिगात घुसून कान दाबून दोन घंटे किंचाळली. त्याच्याच पंधरा दिवसांनी मामाकडं रोडग्याची पंगत होती अन् मी वांग्याच्या भाजीले हात लावला नाही. वांगं लिबलिबीत असते, माझ्या जिभेले ते जिवंत वाटते, आजबी नाही खात. मामीनं बळजबरीनं घास तोंडात कोंबला तं ओकली. भर पंगतीत. तिथं एक म्हातारी म्हणाली, पोरगी नाही नाही म्हणत, तिच्या अंगातलं नाही म्हणते. झालं. एका जाणत्याकडं नेलं, त्यानं अंगारा लावला, मनगटात काळा दोरा बांधला सात गाठीचा, अन् बाबाले म्हणाला हे पोरगी तुमची नाही, बाहेरची आहे, तुमची पोरगी आत अडकली आहे.

अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं एक. पहाटे पोट्टे दारादारचे पळसाचे मेढे घेऊन गावाबाहेर टाकाले जातात, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत करत. मी अकरा वर्षांची. आमच्या दारासमोर थांबले अन् ओरडले, बह्याडीले (म्हणजे येडीले) घेऊन जा गे मारबत! बाबा ओट्यावर होते. ते हसले. चिडले असते तं मले बरं वाटलं असतं. मी कवाडामागं, हात खिशात.

तं माझा प्रश्न. शहरातली माझ्यासारखी पोरं फोटोखाली मोठ्या अभिमानानं लिहितात की आम्ही चेटकिणी, आम्ही परग्रहावरचे, आम्ही बदलून ठेवलेली लेकरं. मले बी लिहू वाटते. पण माझ्या गावात मले खरंच तसं म्हणत होते ना. मी एक गोष्ट लिहून राहिली, वहीची चाळीस पानं झाली, त्यातल्या पोरीले जमिनीखालचं पाणी ऐकू येते अन् गाव तिले हाकलते. आता पुढं पेन सरकत नाही. असं वाचणं-लिहिणं बरोबर आहे का चूक?

———

शंकासूर

राग मानू नका ताई पण हे आजकाल सगळ्यांनाच निघून राहिलं. पिक्चर पाहायचा अन् ठरवायचं की हे म्हणजे मीच. आमच्या वेळी वर्गात तीन-चार पोट्टे असेच होते, कोणी एकलकोंडं, कोणी हूड, कोणी सारखं पाय हलवणारं, गुरुजींनी दोन ठेवून दिल्या की नीट व्हायचे. आता ते सगळे शेती-धंदा करून राहिले, कोणाला काही झालं नाही. गोष्ट ही गोष्ट असते, तिच्यात स्वतःला कोंबू नये.

———

कापूसकोंड्या

शंकासूरभाऊ, ताईंनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे की नागपूरला तपासून निदान झालं, पिक्चर पाहून नाही. अन् ते तीन-चार जण नीट झाले की नुसते गप्प झाले हे त्यांना विचारलं का कधी? असो.

पऱ्हाटीताई, माझ्या नावावर जाऊ नका, उत्तर देतो. आमच्या वर्ध्याकडच्या गावच्या वाचनालयात मी बसतो, दिवसभरात पाच माणसं येतात त्यातली तीन पेपरवाली, त्यामुळे हे असले विचार करायला वेळ भरपूर.

वाचणं चूक नाहीच. ह्या जातीच्या गोष्टी लोकांनी कायम आपापल्या दुखण्याला लावून वाचल्या आहेत. एक्स-मेन कॉमिक १९६३ ला सुरू झालं, अमेरिकेत तेव्हा काळ्या लोकांची नागरी हक्कांची चळवळ भरात होती, तर त्यातले म्युटंट, म्हणजे जन्मतःच शक्ती असलेले लोक, हे वंशभेद सोसणारे असं वाचलं गेलं, पुढं समलिंगी लोकांनी आपलं म्हणून वाचलं, आता न्यूरोडायव्हर्जंट (ज्यांचा मेंदू चारचौघांपेक्षा वेगळा चालतो, ऑटिझम-एडीएचडीवाले) लोक वाचून राहिले. तुमच्या हातमोज्यासारखंच आणखी एक सांगतो. हॅरी पॉटरच्याच जगातला २०१६ चा जो सिनेमा आहे, फँटॅस्टिक बीस्ट्स, त्यात असं दाखवलं की ज्या लेकराला मारून-धोपटून जादू दाबायला लावतात त्याच्या आत एक काळी शक्ती तयार होते अन् एक दिवस ती सगळं फोडून बाहेर येते. आता हे वाचून ज्याला मेल्टडाऊन (सहन होईना म्हणून ऑटिस्टिक माणसाचं एकदम फुटणं) माहीत आहे तो काय म्हणेल? दिवसभर शाळेत शहाण्यासारखं बसलेलं लेकरू घरी आल्यावर चपलेच्या पट्ट्यावरून घर डोक्यावर घेते, अन् मायला वाटते शाळेत तर चांगलं असते, मलाच त्रास देते.

पण मला ह्या रूपकात एक भोक दिसते अन् ते लहान नाही. गोष्टीत जादू खरी असते. एल्साच्या बर्फानं बहिणीला खरंच इजा होते, त्या काळ्या शक्तीनं माणसं खरंच मरतात. म्हणजे गावानं जे भ्यायलं ते काही अगदीच खोटं नाही, असं गोष्टच कबूल करून बसते. तुमच्या बोटं झटकण्यानं कोणाचं काय मोडलं? तुम्ही वांगं खाल्लं नाही म्हणून कोणाचा बैल मेला? गोष्टीत जादू खरी म्हणून भीती खरी, आपल्याकडे जादू खोटी अन् मार तेवढा खरा.

दुसरं म्हणजे हॅरी पॉटर वाचताना सगळे स्वतःला जादूगार समजतात. मी म्हणतो जरा स्क्विबकडे पाहा. जादूगाराच्या घरात जन्मलं अन् जादूच येत नाही, त्याला स्क्विब म्हणतात. शाळेचा तो फिल्च, झाडू-पोछावाला, चोरून पत्राद्वारे जादू शिकायला पाहतो अन् पकडला जातो, अन् लेखिका ते हसण्यावारी नेते. नेव्हिल नावाचं पोरगं आहे, त्याच्यात जादू दिसेना म्हणून त्याचा आजोबाचा कोणी भाऊ त्याला वरच्या मजल्याच्या खिडकीतून उलटा लोंबकळत धरतो, अन् हातातून सुटते पोरगं. चेंडूसारखं टप्पे खाते, मग घरचे आनंदानं रडतात की आहे बुवा, जादू आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझा स्वतःचा पोरगा चार वर्षांचा झाला होता अन् बोलत नव्हता, तेव्हा हसू आलं नाही. टप्पा खाल्ला नसता तर? आपली लेकरं त्या जगात जादूगार नाहीत ताई, ती खिडकीतून लोंबकळणारी आहेत, की दाखव काहीतरी, निदान पाढे तरी घडाघडा म्हणून दाखव, नाहीतर तुझा उपयोग काय. ऑटिझम म्हणजे सुपरपॉवर म्हणणारे लोक मला त्या आजोबासारखेच वाटतात. माझा पोरगा आता अकराचा आहे, त्याच्यात काही पॉवर-बिवर नाही, त्याला पंख्याकडे पाहायला आवडते. बस.

आणखी एक, तुमचा जाणता जे म्हणाला ना, ही तुमची नाही बाहेरची आहे, ते वाचून अंगावर काटा आला कारण युरोपात हे शब्द जसेच्या तसे सापडतात. तिकडं मानत की पऱ्या खरं लेकरू पळवतात अन् त्या जागी आपलं ठेवून जातात. बोलत होतं ते दोन वर्षांचं झाल्यावर गप्प झालं, नजर देत नाही, सारखं रडते, म्हणजे बदललेलं. बरेच अभ्यासक म्हणतात की ह्या कथांमागं खरी अपंग लेकरं असणार, त्यात ऑटिस्टिकही आली. अन् खरं लेकरू परत यावं म्हणून बदललेल्याला चुलीजवळ धर, थंडीत बाहेर ठेव, असले उपाय. आयर्लंडमध्ये १८९५ ला ब्रिजेट क्लिअरी नावाच्या तरण्या बाईला तिच्याच नवऱ्यानं जाळलं, त्याचं म्हणणं ही माझी बायको नाहीच, बदललेली आहे. तेव्हा शहरातली पोरं आम्ही बदलून ठेवलेली लेकरं असं लिहितात ते मी समजू शकतो, शिवी उलटी करून अंगावर घालायची, पण त्या शब्दाखाली राख आहे एवढं माहीत असावं.

———

पऱ्हाटी_२००१

कापूसकोंड्याभाऊ, नेव्हिलचं मी पण वाचलं होतं अन् हसलीच होती. आता पुन्हा काढून वाचते. तुमच्या पोराले पंख्याचा कोणता स्पीड आवडते? मले दोन नंबरचा, पाती दिसतात अन् दिसत बी नाहीत.

———

दंडारवाला

ताई मी वडसाकडचा, दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकं करतो, बाकी वेळ धानाची बांधी. मले पुस्तकातलं जास्त कळत नाही पण तुमी इचारलं का खेड्यात असं म्हणावं का, त्याच्यावर सांगतो.

आमच्या गावात एक माणूस होता, माह्या बापाच्या वयाचा. कोणासंग बोलत नव्हता पण तुमी जन्मतारीख सांगतली का वार सांगे. बिलकुल बरोबर. घरामागं त्यानं नदीतले गोटे रांगेत लावले होते, मोठ्यापासून बारक्यापर्यंत, कोणी एक गोटा हालवला तं रात्री उठून परत लावे. आमी पोट्टे मुद्दाम हालवू. मीबी हालवला आहे, खोटं काहाले सांगू. मंग एका वर्षी लागोपाठ तिघाइचे बैल मेले, लाळ्या-खुरकत असंल नाहीतर काही असंल, कोणी डॉक्टर बोलावला नाही. पण कोणीतरी म्हणलं का तो रात्री गोटे मांडते तेव्हा काय पुटपुटते? ते गोटे म्हणजे मूठ मारासाठी मोजून ठेवले. वार सांगते म्हणजे मरणाचाबी वार त्याले माहीत असंल. पाहा, ज्या गोष्टीले दहा वर्षं लोक कौतुकानं पाव्हण्याइले दाखवत होते तेच गोष्ट एका रातीत पुरावा झाली. पोलीस पाटलानं रातोरात त्याले बहिणीच्या गावी पोचवलं म्हणून जीव वाचला. गोटे गावकऱ्याइनं बोडीत फेकले. तो परत आला नाही कधी.

हे जुनं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दले जादूटोण्याच्या संशयानं म्हाताऱ्या बायामाणसाइले चौकात बांधून मारलं, सगळ्या पेपरात आलं होतं. जादूटोण्याच्या विरोधातला कायदा २०१३ लेच झाला होता, दाभोलकर सरांचा खून झाला त्याच्यानंतर. त्या कायद्याच्या मांगं जे यादी जोडली आहे ते मी आमच्या एका प्रयोगाच्या आधी वाचून दाखवत असतो. त्यात कोणाले चेटूक करणारा ठरवून छळणं गुन्हा आहे हे तं सगळ्याइले माहीत राह्यते, पण आखरीले अजून एक आहे, मतिमंद माणसाच्या अंगात अलौकिक शक्ती आहे असं भासवून त्याचा धंदा करणं हाबी गुन्हा. म्हणजे बह्याड आहे म्हणून मारू नका, अन् बह्याड आहे म्हणून देव करून त्याच्यापुढं थाळीबी मांडू नका. कायदा लिहिणाऱ्याले गाव बराबर माहीत होतं.

अन् नाटकाचं सांगतो. मले दर सीझनले वेड्याचं पार्ट भेटते, उंच आहो अन् डोळे मोठे म्हणून. मी येडं चाललो का पब्लिक खुर्चीवर उभी राह्यते. पण दरवेळी तो वेडा आखरीच्या अंकात नाहीतं शहाणा निंगते, त्यानं सोंग घेतलं असते, नाहीतं हिरोसाठी गोळी खाऊन मरते. आतापर्यंत माह्या हातून एकबी वेडा नाटक संपल्यावर जसा होता तसा घरी जेवाले गेला नाही जी. लेखकाले मी एकदा म्हणलं तं तो म्हणे मंग टाळी कुठं भेटंल?

म्हणून तुमची चाळीस पानं वाचाले आवडतील पण त्या पोरीले पाणी ऐकू येते हे वाचून मले पयले तो गोटेवाला आठवला. यंदा विहिरीले पाणी लागलं तं देवी, पुढच्या साली नाही लागलं तं?

———

दुसरीच्या_बाई

मी बुलढाणा जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, दुसरीचा वर्ग. दंडारवाले दादा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मोबाईल बाजूला ठेवला अन् पोळ्या लाटल्या, मग परत आले.

आपल्या विदर्भातलंच एक सांगते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू, तेराव्या शतकातले, चक्रधर स्वामींचे गुरू. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या. महानुभाव पंथाच्या लोकांसाठी ते साक्षात परमेश्वर, त्या श्रद्धेला मी हात लावत नाही, पण नुसतं वाचायला घ्या. ते गावभर भटकतात, कोणाच्याही घरात शिरून खातात, जातपात पाहत नाहीत, लेकरांसोबत खेळतात, देवळातल्या मूर्तींशी बोलतात, एकदम रागावतात, एकदम हसतात. लोक त्यांना राऊळ म्हणत. काही लोक म्हणतात राऊळ वेडे झाले, अन् काही म्हणतात राऊळ माय, राऊळ बाप. एकाच गावात, एकाच माणसाला.

मला त्यात काय दिसतं तर आपल्या गावांनी वेगळ्या माणसासाठी जागा ठेवल्या नव्हत्या असं नाही. दोन ठेवल्या होत्या. एक देव्हाऱ्यात, एक वेशीबाहेर. पंगतीत पाट मात्र कोणी मांडला नाही. पऱ्हाटी, तुझ्या त्या रोडग्याच्या पंगतीत कोणी एवढंच म्हणालं असतं की हिला वांगं नको, वरण वाढा, तर पुढचं सगळं झालंच नसतं ना गं. जादूच्या गोष्टीही ह्याच दोन जागांमध्ये फिरतात असं मला वाटतं, आधी हाकलतात, मग शेवटी तिच्याच शक्तीनं गाव वाचतं अन् मग डोक्यावर घेतात.

———

शंकासूर

बाई, मग उद्या शेगावच्या महाराजांनाही लेबल लावणार का? उष्ट्या पत्रावळीतलं अन्न खाताना दिसले होते म्हणून? थोडी तरी मर्यादा ठेवा.

———

दुसरीच्या_बाई

नाही हो दादा, मी स्वतः दरवर्षी शेगावला जाते, माझ्या पर्समध्ये फोटो आहे महाराजांचा. आठशे वर्षांपूर्वीच्या काय अन् दीडशे वर्षांपूर्वीच्या काय, कोणालाच आज निदान लावता येत नाही अन् लावूही नये. मी संतांबद्दल बोलतच नाहीये, बघणाऱ्या गावाबद्दल बोलतेय. आणि खरं सांगू का, त्याच गावात दुसरा एखादा तसाच वागला असता ज्याचे पुढं भक्त झाले नाहीत, त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं असतं?

आता वर्गातलं सांगते कारण मला तेवढंच नीट येतं. एक पोरगा आहे, परिपाठाला लाऊडस्पीकर लागला की टेबलाखाली. दोन महिने मी त्याला ओढून काढत होते, हे कबूल करते. मग एक दिवस शिपाईदादा सुट्टीवर होते म्हणून मी त्याला घंटा वाजवायला पाठवलं. त्याच लोखंडी तासावर त्यानं इतक्या जोरात टोले दिले की चौथीवाले दचकले, अन् हा हसतोय. म्हणजे आवाजाची भीती नव्हती, आवाज कधी येईल ते माहीत नसण्याची होती. आता स्पीकरचं बटण तोच दाबतो. टेबलाखाली जात नाही, कधीकधी जातो, मग मी त्याची वही खाली सरकवते. डेमियन मिल्टन नावाचे एक ऑटिस्टिक संशोधक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसाला बाकीच्यांचं कळत नाही असं एकतर्फी म्हणणं चूक, बाकीच्यांनाही त्याचं तितकंच कळत नसतं, अडचण दोघांच्या मधली आहे. मला हे दोन महिने ओढाओढी केल्यावर कळलं.

अन् शंकासूर दादा, दोन ठेवून दिल्यावर नीट होणाऱ्यांबद्दल म्हणालात. त्या पोराला आधीच्या एका शाळेत ठेवून देऊन पाहिलं होतं. तो दोन नाही, सात महिने बोलला नाही.

पऱ्हाटी, एक कामाचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत (१९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते), त्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमताही आहे. एडीएचडी वेगळं नाव घेऊन त्यात नाही. प्रमाणपत्र अन् यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन भरता येतो, पुढची तपासणी सरकारी दवाखान्यात. तू सेतू केंद्रातच आहेस, दुसऱ्यांचे फॉर्म भरत असशील, स्वतःचा भरलास का?

———

कापूसकोंड्या

बाईंचं पाटाचं वाचून माझं स्क्विब-बिब सगळं लांबलचक वाटायला लागलं. एवढंच म्हणायचं होतं मला पण मी पडलो कापूसकोंड्या.

फक्त एका गोष्टीत माझं जरा वेगळं मत आहे. रूपक टाकूनच द्यावं असं नको. पऱ्हाटीताईंना स्वतःच्या खिशाचं नाव पहिल्यांदा कुठं सापडलं? त्या हातमोज्यात. न्यूरोडायव्हर्सिटी (म्हणजे मेंदूमेंदूतलं वेगळेपण) हा शब्दच नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑटिस्टिक लोकांच्या नेटवरच्या गप्पांमधून पुढं आला, त्याच्याआधी डॉक्टरांच्या शब्दांशिवाय अन् शिव्यांशिवाय तिसरा शब्दच नव्हता त्यांच्याजवळ. आपल्याकडं तर मराठीत अजून नाही. मग तोपर्यंत माणूस राक्षस-परी जे सापडेल त्यानं काम भागवणारच ना. माझ्या बायकोला मी पोराचं कसं समजावलं सांगू का? डॉक्टरांच्या फाईलनं नाही समजलं तिला. तिला म्हटलं हा दुसऱ्या मुलखातून आलेला पाव्हणा समज, त्याला आपली बोली येत नाही. सहा महिने ते पुरलं. मग एक दिवस तीच म्हणाली, पाव्हणा काहाले म्हणता जी, पाव्हणा तं जाते.

त्या दिवसापासून मी ते म्हणणं सोडलं. (अन् पंखा तीन नंबर. विचारून सांगितलं.)

———

दंडारवाला

पाव्हणा तं जाते. हे माह्या नाटकात घालू का भाऊ? वहिनीले इचारून सांगा.

———

शंकासूर

मी काही वाईट म्हणालो नव्हतो. आमच्या वर्गातल्या एकाला आज फोन केला होता सहजच. त्याला विचारलं बे तू लहानपणी सारखे पाय हलवायचा, आता? तो म्हणे आता ट्रॅक्टरवर बसतो, हलतच राहते सगळं. जास्त काही बोललो नाही.

———

पऱ्हाटी_२००१

सगळ्याइचे आभार, काल रात्री दोनपर्यंत वाचत बसली अन् आज तीन दाखले चुकवले.

बाई, फॉर्म नाही भरला. लोकाइचे रोज भरते. माझा फोटो काढून ठेवला आहे, पांढऱ्या बॅकग्राउंडवाला, अपलोड करताना हात अडते. पाहू या आठवड्यात.

गोष्टीचं असं ठरवलं की पोरीच्या कानातलं पाणी काढून टाकते. दंडारवाले दादाचा प्रश्न वाचला तेव्हाच समजलं होतं की पान चाळीसवर मी काऊन अडकली, मले तिच्या शक्तीनं गाव वाचवायचं होतं अन् माझ्या मनातून ते गाव वाचवायचंच नव्हतं. आता तिले फक्त थ्रेशरचा आवाज ऐकू येते, सगळ्याइले येते तोच, पण दातात. अन् पंगत ठेवते. तिथं कोणी वरण वाढते का नाही ते अजून ठरलं नाही, मामीच्या हातात वाढणं देऊन पाहिलं तं मामी काही हात पुढं करून नाही राहिली. जबरदस्ती कशी करू.

तो सात गाठीचा दोरा विचारला नाही कोणी, पण सांगते. अजून आहे. मनगटात येत नाही, पर्समध्ये असते. जाणत्यानं बांधला होता माझ्या अंगातलं निघून जावं म्हणून, पण त्या गाठी अशा टणक बसल्या की लहानपणी वर्गात जीव घाबरला की मी एक एक गाठ चिमटीत फिरवू, एक ते सात, मग सात ते एक, अन् हात हलवायची गरज पडे ना खिशात घालायची. आईले वाटे दोऱ्यानं गुण आला. पाचवी गाठ आता घासून घासून बारीक झाली आहे, तिथं मी दोनदा थांबते.